आज्ञावलींचे भांडार : स्थैर्य की ताजेपणा?

घाटापलीकडच्या हुबळी-धारवाडशी गोव्याचे नाते भाजीपाला, रेल्वे, रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या मानाने कमी दिसणारा एक धागा न्यायालयांतील संगणकांचा आहे. धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते पीठ २००८ साली आले आणि २०१३ साली ते कायम झाले, तेव्हापासून उत्तर कर्नाटकातील पक्षकारांची बंगळुरूची खेप वाचली. मात्र धारवाडच्या जिल्हा न्यायालयातील कर्मचारी ज्या पडद्यावर दाव्याची पुढील तारीख नोंदवतो, जवळजवळ तोच पडदा गोव्यातील न्यायालयांतही उघडलेला असतो. ‘ई-कोर्ट्स’ या राष्ट्रीय प्रकल्पाखाली देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी खटल्यांच्या नोंदींची एकच प्रणाली बांधली गेली. हे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुणे येथील पथकाने केले.

या प्रणालीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. तिचा एक ‘गाभा’ आहे, जो साऱ्या देशाला समान. त्याभोवती एक ‘परिघ’ आहे, ज्यात प्रत्येक उच्च न्यायालय आपापल्या नियमांप्रमाणे आणि भाषेप्रमाणे भर घालू शकते. गाभा क्वचित बदलावा आणि परिघ गरजेप्रमाणे बदलत राहावा, असा हा विचार आहे. या सर्वांच्या खाली, यंत्राच्या तळाशी, न्यायालयांसाठी खास जुळवून घेतलेली उबुंटू लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली निवडण्यात आली. हजारो न्यायाधीश व कर्मचारी यांना ती वापरण्याचे प्रशिक्षणही मिळाले. निवडलेली आवृत्ती नेहमी दीर्घकाळ पाठबळ असलेल्या मालिकेतील असते, दर सहा महिन्यांनी येणाऱ्या ताज्या मालिकेतील नसते. या निवडीमागे संगणकविश्वात तीस वर्षे चाललेला एक वाद आहे. संगणक विकत घेतला, चालू केला आणि काहीही न बदलता वापरला, तर त्याला नव्या आज्ञावली कोठून मिळाव्यात आणि त्या किती नव्या असाव्यात, हा तो वाद.

लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालींत सॉफ्टवेअर सहसा निरनिराळ्या संकेतस्थळांवरून उतरवून घेत नाहीत. प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ नावाच्या गाठोड्यात बांधलेली असते. त्या गाठोड्यावर आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि हे चालण्यासाठी आधी आणखी कोणती गाठोडी लागतात याची यादीही असते. अशी हजारो गाठोडी एका मध्यवर्ती भांडारात ठेवलेली असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या आवृत्तीच्या भांडारात ती सुमारे ७० हजार आहेत. कोणत्या भांडाराकडे पाहायचे हे संगणकातील एका छोट्या यादीत लिहिलेले असते, आणि कार्यप्रणाली बसवताना ती यादी आपोआप भरली जाते. ती पुढे उघडून पाहणारे फार थोडे. म्हणूनच ती यादी भरून देणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. बहुसंख्य लोकांसाठी त्याने दिलेले उत्तर हेच शेवटचे उत्तर असते.

येथे ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यावरून बरेच गैरसमज होतात. बोलण्यात आपण स्थिर म्हणजे न कोलमडणारी आज्ञावली असे समजतो. भांडाराच्या संदर्भात स्थिर म्हणजे न बदलणारी. डेबियनच्या स्थिर शाखेत एखादी आज्ञावली ज्या आवृत्तीत दाखल झाली, त्याच आवृत्तीत ती त्या प्रकाशनाच्या आयुष्यभर राहते. सुरक्षेतील भगदाड सापडले तर नवी आवृत्ती आणत नाहीत. नव्या आवृत्तीतील दुरुस्तीपुरता तुकडा कापून जुन्या आवृत्तीला जोडतात. त्यामुळे क्रमांक जुनाच दिसतो, पण भोक बुजलेले असते. केवळ आवृत्तीचा क्रमांक वाचून ‘तुमची यंत्रणा धोकादायक आहे’ असा शेरा मारणारे लेखापरीक्षक या कारणाने अनेकदा चुकतात आणि कार्यालयातील बिचाऱ्या तंत्रज्ञाला पानेच्या पाने खुलासे लिहावे लागतात.

न बदलण्याचे एवढे मोल का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उबुंटूच्या एप्रिल २०१४ च्या दीर्घकालीन आवृत्तीत पीएचपी या भाषेची ५.५ ही आवृत्ती होती आणि एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत ७.० आली. मधल्या काळात पीएचपीच्या रचनाकारांनी मायएसक्यूएल या विदासंचाशी बोलण्याची जुनी पद्धत भाषेतून काढून टाकली होती. तसे करणार असल्याची पूर्वसूचना त्यांनी दिली होती, कारणेही रास्त होती. तरीही त्या जुन्या पद्धतीवर बेतलेल्या असंख्य छोट्या प्रणाली नव्या आवृत्तीवर चालेनाशा झाल्या. यात शाळांच्या प्रवेशयाद्या होत्या, पतसंस्थांची खाती होती, दुकानदारांचे साठ्याचे हिशेब होते. दीर्घकालीन मालिका वापरणाऱ्याला हा बदल स्वतः ठरवलेल्या दिवशी, तयारीनिशी करता आला, कारण २०१४ च्या आवृत्तीला एप्रिल २०१९ पर्यंत पाठबळ होते. हाच बदल एखाद्या मंगळवारी सकाळी, पटलावर खटले लागलेले असताना, आपोआप येऊन पडला असता तर काय झाले असते? न्यायालय हे असे ठिकाण आहे की जेथे एक तारीख चुकली तर कोणाचा तरी जामीन अडतो.

ताजेपणाची बाजूही तितकीच जुनी आहे. इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियनने काळजीपूर्वक कामाचा नावलौकिक मिळवला, पण त्याची किंमतही मोजली. जुलै २००२ मध्ये आवृत्ती ३.० आली आणि ३.१ यायला जून २००५ उजाडला. त्या तीन वर्षांत संगणकाचे सुटे भाग बदलले. जुन्या कार्यप्रणालीत नव्या भागांची ओळखच नसल्याने नवी यंत्रे तिच्यावर धडपणे चालेनात. याच पोकळीत ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू जन्मली. डेबियनचेच भांडार घ्यायचे, पण दर सहा महिन्यांनी ठरल्या तारखेला प्रकाशन करायचे, असा तिचा साधा करार होता. पुढे जून २००६ पासून दीर्घ पाठबळाची वेगळी मालिका सुरू झाली. आज ही आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. मधल्या सहामाही आवृत्त्यांना केवळ नऊ महिने. ताजेपणासाठी जन्मलेल्या प्रकल्पाला दोनच वर्षांत स्थैर्याची शाखा काढावी लागली, यातच या वादाचे बरेचसे मर्म आले.

त्या काळी आपल्या भागात हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण इंटरनेटच इतके मंद आणि महाग होते की भांडार म्हणजे मासिकासोबत येणारी तबकडी. भारतात लिनक्स घरोघर पोहोचवण्याचे बरेचसे श्रेय ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या १९९६ पासूनच्या उपक्रमाला जाते. त्यामागे अतुल चिटणीस होते, जे बेळगावात अभियांत्रिकी शिकले आणि पुढे बंगळुरूत त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची मोठी वार्षिक परिषद उभी केली. २०१३ साली त्यांचे निधन झाले. तबकडी आली की तिच्यातले सारे बसवायचे आणि पुढची तबकडी येईपर्यंत त्याच्यावरच भागवायचे! स्थिर शाखेचा याहून कडक नमुना शोधूनही सापडणार नाही.

मराठी वाचकांसाठी या विषयाची सर्वांत जवळची बाजू लिपीची आहे, आणि तिचा विचार तांत्रिक चर्चांत क्वचितच होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीची कार्यप्रणाली पुरते, कारण त्याची अक्षरे कधीच पूर्ण झाली आहेत. आपली अक्षरे अजून येत होती. रुपयाच्या चिन्हाचे उदाहरण घ्या. डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्याला अधिकृत स्थान मिळाले. त्याच महिन्यात आलेल्या उबुंटूच्या सहामाही आवृत्तीत ते चिन्ह मुळातच उपलब्ध होते. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी २०११ मध्ये वेगळी भर दिली. डेबियनचे पुढचे स्थिर प्रकाशन मात्र ऑगस्ट २०१० च्या पहिल्या आठवड्यातच ‘गोठवले’ गेले होते, म्हणजे त्यात नवीन काही घेणे बंद झाले होते. चिन्ह जाहीर होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. असे एखादे चिन्ह गोठवण्याच्या वेळी दाराशी नसेल, तर ते आत येण्यासाठी खास अपवाद तरी करावा लागतो किंवा पुढच्या आवृत्तीची दोन वर्षे वाट तरी पाहावी लागते. तोवर बिलावर ‘रु.’ लिहायचे किंवा चिन्हाच्या जागी रिकामी चौकट छापून घ्यायची.

‘ॲ’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मराठीत ‘ॲप’, ‘ॲड.’, ‘ॲसिड’ यांसाठी लागणारे हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, लोक ‘अ’ वर वेगळा चंद्र चढवून काम भागवत होते, कारण जुन्या टंकांत हे अखंड अक्षर नव्हते. अक्षर प्रमाणात येणे ही झाली पहिली पायरी. नंतर ते टंकात काढावे लागते, मग कळफलकाच्या आराखड्यात त्याला जागा द्यावी लागते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पॅकेजांत राहतात, वेगवेगळ्या लोकांच्या हाती असतात आणि स्थिर भांडारात वेगवेगळ्या वेळी दाखल होतात. परिणाम असा की आज मराठी मजकुरात एकच आवाज दोन प्रकारांनी साठवलेला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते समान वाटत नाहीत. युनिकोडने त्यांना परस्परांचे रूप मानलेले नाही. एखाद्या वकिलाचे नाव ‘ॲड.’सह एका पद्धतीने नोंदले आणि दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर विशेष काळजी न घेतलेली शोधप्रणाली ‘नोंद नाही’ असे सांगून मोकळी होते. वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतही असे कितीतरी लेख लपलेले असतील.

अशा भाषांसाठी ताजेपणा ही चैन नसते. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या कार्यालयात भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ टंक आणि भाषांतरे यांवर वर्षानुवर्षे काम झाले. हे काम प्रथम फेडोरा या कार्यप्रणालीत उतरे. ती दर सहा महिन्यांनी प्रकाशित होते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिनेच पाठबळ असते. फेडोरा वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद २०११ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली, ती काही योगायोगाने नव्हे. मराठी अक्षर कुठे तुटते, रफार कुठे घसरतो, ‘ऱ्य’ कुठे बिघडतो, हे ताज्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांनीच आधी पाहिले आणि दुरुस्त केले. नंतर ते दहा वर्षे पाठबळ मिळणाऱ्या, बँका-कार्यालयांच्या प्रणालींत पोहोचले. कोणीतरी ताजे खाऊन पाहिल्याशिवाय मुरलेले तयार होत नाही.

सुरक्षेचा मुद्दा दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने मांडतात. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याचा माग काढता काढता त्याने ‘एक्सझेड’ या दाबसंचयाच्या आज्ञावलीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन करून हे काम केले होते. दूषित आवृत्त्या डेबियनच्या चाचणी व अस्थिर शाखांत, फेडोराच्या पुढच्या आवृत्तीच्या तयारीत आणि सतत अद्ययावत होणाऱ्या काही प्रणालींत पोहोचल्या होत्या. कोणत्याही प्रमुख स्थिर भांडारात मात्र त्या गेल्या नव्हत्या. उबुंटूने आपल्या एप्रिल २०२४ च्या आवृत्तीची पूर्वचाचणी आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजे नव्याने बांधली. विलंबाने येथे सरळसरळ रक्षण केले.

यावरून जुने ते सुरक्षित असे म्हणावे, तर २०१४ चे ‘हार्टब्लीड’ आठवते. ओपनएसएसएलमधील हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीत शिरला, स्थिर प्रकाशनांत मुक्कामाला राहिला आणि दोन वर्षे कोणाला दिसला नाही. गंमत अशी की डेबियनच्या त्याहूनही जुन्या प्रकाशनात ओपनएसएसएलची आणखी जुनी आवृत्ती असल्याने ते सुटले. त्याहून बोधक घटना २००८ ची. डेबियनच्या एका पॅकेज-सांभाळकर्त्याने २००६ साली एका तपासणी-साधनाची तक्रार मिटवण्यासाठी ओपनएसएसएलच्या दोन ओळी काढल्या आणि त्याबरोबर गुप्तकिल्ल्यांमधील यादृच्छिकताच गेली. प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी केवळ सुमारे ३२ हजार शक्यता उरल्या. ही चूक स्थिर शाखेत जाऊन बसली आणि मे २००८ मध्ये ल्युसियानो बेल्लो यांनी ती शोधेपर्यंत तशीच राहिली. मूळ लेखकांच्या ताज्या प्रतीत ती नव्हतीच. भांडारात पडून राहिल्याने आज्ञावलीचे वय वाढते, तिचे परीक्षण आपोआप होत नाही.

मूळ लेखकांची एक तक्रार येथे नोंदवली पाहिजे. ‘एक्सस्क्रीनसेव्हर’चे कर्ते जेमी झविन्स्की यांना डेबियनच्या वापरकर्त्यांकडून अशा दोषांची पत्रे येत, जे त्यांनी कधीच दुरुस्त केले होते. शेवटी त्यांनी आज्ञावलीतच ‘ही आवृत्ती फार जुनी आहे’ असा इशारा घातला. त्यावर २०१६ साली डेबियनमध्ये बरीच गरमागरमी झाली. झविन्स्की यांची भाषा कडवट होती, पण प्रश्न खोटा नव्हता. जुन्या प्रतीची जबाबदारी लिहिणाऱ्याची की वाटणाऱ्याची, याचे उत्तर वापरकर्त्याला कोणी सांगितलेले नसते.

व्यवहारात कट्टर स्थैर्य कोणालाच परवडत नाही. फायरफॉक्ससारख्या प्रचंड न्याहाळकातील दुरुस्त्या कापून जुन्याला जोडत बसणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून डेबियनही तेथे माघार घेते आणि फायरफॉक्सची दीर्घ पाठबळाची आवृत्ती वेळोवेळी बदलते. विषाणूंची यादी किंवा देशोदेशीच्या वेळांची माहिती जुनी ठेवण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण दुसऱ्या देशाने घड्याळ बदलले तर आपली आवृत्ती गोठलेली आहे म्हणून ते थांबत नाही. अशांसाठी स्थिर शाखेलगत छोटी उपभांडारे असतात. नव्या आवृत्त्या जुन्या पायावर चालतील अशा बेताने बांधून ठेवणारे एक ‘बॅकपोर्ट्स’ भांडारही असते. त्याचे सौजन्य असे की ते आपण होऊन काही बदलत नाही, मागितले तेवढेच देते. मूलभूत भांडार कसे असावे याचा हा मला सर्वांत समंजस तोडगा वाटतो. पाया हलवायचा नाही, आणि ज्याला एखादी खिडकी नवी हवी असेल त्याला ती नाव घेऊन मागू द्यायची.

याउलट आर्चसारख्या प्रणालींत प्रकाशन ही कल्पनाच नाही. भांडार अखंड वाहते. ओपनसुसेच्या टंबलवीड शाखेत हा प्रवाह स्वयंचलित चाचण्यांतून गाळून सोडतात, त्यामुळे तो बराच विश्वासार्ह असतो. स्वतःच्या यंत्राची देखभाल करण्याची हौस असलेल्या हुबळीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला यातून जेवढे शिकायला मिळते, तेवढे स्थिर शाखेतून मिळणार नाही. पण तोच विद्यार्थी नोकरीला लागून एखाद्या पतपेढीचे तीस संगणक सांभाळू लागला की त्याचे मत बदलते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

भांडाराच्या यादीत आणखी एक बाब बारीक अक्षरात असते. उबुंटूचे भांडार एकसंध नाही. ‘मेन’ या विभागाची जबाबदारी कॅनॉनिकल ही कंपनी घेते. ‘युनिव्हर्स’ नावाच्या कितीतरी मोठ्या विभागाचे काम प्रामुख्याने स्वयंसेवकांवर चालते, आणि त्यातील पॅकेजांना पाच वर्षांची ती हमी आपोआप लागू होत नाही. त्यासाठी कंपनीच्या वेगळ्या सदस्यत्वाची नोंदणी करावी लागते. वैयक्तिक वापरासाठी ती मोजक्या यंत्रांपुरती विनामूल्य आहे. दोन्ही विभाग सुरुवातीपासून चालू असल्याने बसवणाऱ्याला फरक जाणवत नाही. सरकारी निविदांत ‘दीर्घ पाठबळ असलेली कार्यप्रणाली’ एवढे एकच वाक्य लिहिणाऱ्यांनी हे तपासायला हवे.

हमी देणाराही कधी शब्द फिरवतो. सेंटओएस ही रेड हॅटच्या महागड्या प्रणालीची विनामूल्य प्रतिकृती भारतातील विद्यापीठे आणि प्रयोगशाळांची आवडती होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत पाठबळ मिळेल असे गृहीत होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ते २०२१ च्या अखेरीस संपेल, आणि पुढे फक्त मूळ प्रणालीच्या एक पाऊल आधी चालणारी ‘स्ट्रीम’ शाखा राहील. स्थैर्य म्हणून घेतलेल्या वस्तूचे एका पत्रकाने ताजेपणात रूपांतर झाले. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या पर्यायी प्रणाली काही महिन्यांत उभ्या राहिल्या, म्हणून अनेकांचे निभावले.

आपल्याकडील छोट्या कार्यालयांत खरा बिघाड बहुधा या दोन टोकांमुळे होत नाही, सरमिसळीमुळे होतो. स्थिर पायावर कोणीतरी एका आज्ञावलीसाठी अस्थिर शाखेचा पत्ता जोडतो, दुसरा कोणी अनोळखी माणसाचे खासगी भांडार जोडतो. पुढच्या अद्ययावतीकरणात अर्धी प्रणाली नव्याकडे ओढली जाते आणि अर्धी जुन्यातच अडकते. डेबियनच्या जाणकारांनी या प्रकाराला फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसावरून नाव ठेवले आहे. ज्यांच्याकडे आज उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती आहे, त्यांची नेहमीची पाच वर्षे एप्रिल २०२७ मध्ये पूर्ण होतात. २४.०४ वाल्यांना २०२९ पर्यंत अवधी आहे. स्थलांतराच्या आधी भांडारांची यादी उघडून तिच्यात मागच्या तंत्रज्ञाने काय काय जोडून ठेवले आहे ते पाहावे. मराठी मजकूर असेल तर ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ असलेल्या दहा-वीस नोंदी नव्या यंत्रावर उघडून, शोधून आणि छापून घ्याव्यात. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि ते जुने यंत्र अजून चालू असतानाच करता येते.